ओपन स्पेस, गट नंबर एकशे सतरा

सातबाऱ्यावर ही जागा अजून कापसाची आहे.
ले-आउटमध्ये तिला हिरवा रंग दिलाय,
तोही झेरॉक्समध्ये राखाडी झालेला.
अठ्ठेचाळीस बाय एकोणसत्तर मीटर,
अमळनेर जिथे संपत आलंय तिथे,
तीन बाजूंना घरं, चौथीला
कुणीतरी ओतून ठेवलेला मुरूम.

मी नगरपरिषदेतली कंत्राटी आरेखक.
पहिला नकाशा खुर्चीत बसून काढला:
मधोमध कारंजं, भोवती लॉन,
कडेने पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक,
फाटकावर पाटी, सकाळी सहा ते नऊ, सायंकाळी पाच ते आठ.
साहेब म्हणाले, छान.
मग मे महिन्यात, दुपारी दोन वाजता,
टेप घेऊन मी जागेवर गेले.

एकच निंब होता.
त्याच्याखाली, मोजून, नऊ माणसं, एक म्हैस,
फारुख मण्यारची बांगड्यांची गाडी
आणि परीक्षा संपलेली पोरं, पत्ते वाटत.
सावली सरकली तशी सगळी सरकली,
न बोलता, गाडीसकट.
मी दर तासाला सावलीची कड वहीत आखली.
पाच वाजता पानावर
एक पंखा उघडलेला होता.

पश्चिमेला, जिथे मी करंजाची रांग धरली होती,
धुरपताबाई बडगुजर लुगडं पसरून बसलेल्या.
"झाडे लावतस ना? लाव. पन आठे नको.
मंग बिबडा कोठे वाळाडू मी?"
उन्हालाही जागा सोडावी लागते
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
रांग चार मीटर मागे घेतली.

ईशान्येचा कोपरा दोन फूट खोल.
तिथे पाणी साचतं, बेडूक ओरडतात,
भराव टाका, असा अर्ज, खाली एकोणीस सह्या.
पहिली सही भावसारांची.
त्यांची बोअर त्याच कोपऱ्याच्या जिवावर
मार्चपर्यंत ओढते, हे त्यांना
मी खडू घेऊन त्यांच्याच ओट्यावर काढून दाखवलं.
ते बराच वेळ खडूकडे बघत राहिले.
आता तो कोपरा नकाशात तसाच आहे, खोलगट,
चार महिने पाण्याचा, आठ महिने
यष्टीमागे भिंत नसलेल्या क्रिकेटचा.

निंबाची पूर्वेकडची फांदी छाटायची नाही,
आखाजीला माहेरी आलेल्या पोरी
तिलाच दोर टाकतात.
दाराचा पल्ला दाखवतो तशी
तुटक रेघेची कमान काढली मी, झोक्याचा पल्ला.
त्या कमानीत बाक नाही, दिवा नाही, काहीच नाही.
ठेकेदाराला वाटलं, विसरले.

आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाला
विटांचा एक काळा चौकोन:
थंडीत पऱ्हाटी पेटवून
भरताची वांगी भाजायला.
त्याला मंजुरीच्या तक्त्यात शब्द सापडेना.
'वापर' हा रकाना बोटभर रुंद.
मी बारीक लिहीत गेले,
मग समासात,
मग पान फिरवून पाठीमागे.
साहेबांनी चष्मा वर ढकलला,
"ही बाग आहे का?"
मी म्हटलं, किती वाजता?

कारंजं गेलं. त्या पैशात
पाण्याची टाकी, दोन नळ, एक म्हशीच्या उंचीचा,
आणि फाटकाला कडी आहे, कुलूप नाही.
कुलपावरून दोन बैठका झाल्या.
अजून तिसरी आहे.

नकाशात झाड म्हणजे सहा मीटरचं वर्तुळ.
खड्ड्यात ते करंगळीएवढं होतं,
शेणखताच्या वासात, काठीला बांधलेलं.
धुरपताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.
"सावली कव्हय पडी, बेटा?"
सात वर्षं, मी म्हणाले. आठ धरा.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं,
झाडाचं की स्वतःचं, कळलं नाही.
"मंग तवलोंग आठेबी वाळाडसू, तठेबी,"
म्हणाल्या,
आणि लुगड्याचं एक टोक
करंजाच्या काठीला बांधून
दुसरं माझ्या हातात दिलं.